विद्युद्रोधकांची अग्निपरीक्षा

पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांत एक कोष्टक हमखास आढळतें. डाव्या बाजूस वाहक: तांबें, चांदी, लोखंड, मिठाचें पाणी. उजव्या बाजूस रोधक: कांच, रबर, लाख, प्लास्टिक. विद्यार्थी तें पाठ करितात, परीक्षेंत उतरवितात, आणि जन्मभर असें समजून चालतात कीं, हीं दोन अगदीं निराळीं कुळें असून त्यांच्यांत कधीं बेटीव्यवहार होत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, हें कोष्टक खोटें नसलें तरी अपुरें आहे. त्याच्या माथ्यावर "सामान्य तपमानास" हे दोन शब्द लिहावयाचे राहून गेले आहेत. ते सुटल्यामुळें मुलाचे गुण कमी होत नाहींत. परंतु घरच्या भिंतीवरील विजेच्या पाटीकडे पाहण्याची दृष्टि मात्र चुकते, आणि त्या चुकीची किंमत केव्हां केव्हां फार जबर पडते. म्हणून यंदाच्या अंकांत विद्यार्थ्यांबरोबर पालकवर्गासहि उद्देशून चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

प्लास्टिक तापविलें तर तें मऊ होतें किंवा वितळतें, आणि अधिक तापविलें तर त्याचे वायु होतात, येथपर्यंत सर्वांस ठाऊक आहे. परंतु गोष्ट तेथें संपत नाहीं. त्या वायूंसहि तापवीत गेलें तर त्यांचे रेणु तुटून अणु सुटे होतात. त्यापुढें अणूंतूनहि इलेक्ट्रॉन निसटूं लागतात. इलेक्ट्रॉन मोकळे झाले कीं तो वायु वीज वाहूं लागतो. अशा विद्युद्भारित वायूस अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनीं १९२८ सालीं प्लाझ्मा असें नांव दिलें. म्हणजे ज्या पदार्थाची आपण वीज अडविण्याच्या कामीं नेमणूक केली, तोच पुरेशा उष्णतेंत विजेस वाट करून देतो. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार आहे.

वाचक विचारतील कीं, एवढी उष्णता सूर्यावर असेल, आमच्या घरांत ती कोठून येणार? तिचें उत्तर मीटरजवळच्या त्या लहानशा पांढऱ्या डबींत आहे, जिला वायरमन एम्. सी. बी. म्हणतात. घरांत कोठें तरी दोन तारा एकमेकींस भिडल्या कीं प्रवाह एकाएकीं शेंकडों पटींनीं वाढतो, आणि डबींतील चुंबक खटका उडवितो. तांब्याचीं किंवा चांदीमिश्रित धातूचीं दोन टोंकें एकमेकांपासून दूर होतात. पण टोंकें दूर झालीं म्हणून प्रवाह थांबतो असें नाहीं. तो मधल्या हवेंतून उडी घेतो, आणि एक झगझगीत, सलग ठिणगी निर्माण होते. हिला इंग्रजींत आर्क म्हणतात. आम्ही येथें तिला प्रज्योत म्हणूं. प्रज्योतीच्या गाभ्याचें तपमान १०,००० ते २०,००० केल्व्हिनपर्यंत चढतें. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचें तपमान सुमारें ५,८०० केल्व्हिन आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे आपल्या दाराआड आपण कोणता पाहुणा ठेविला आहे याची कल्पना येईल. सुदैवानें त्याचा मुक्काम सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांपुरताच असतो.

त्या अवधींत प्रज्योतीपासून कांहीं मिलिमीटरांवर असलेल्या प्लास्टिकच्या भिंतीचें काय होतें, हा आमच्या लेखाचा विषय आहे. ज्वाला भिंतीस टेंकावीच लागते असें नाहीं. प्रज्योतीचा प्रखर प्रकाश, त्यांतहि डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण, भिंतीच्या पृष्ठभागांत मुरतात आणि केसाहूनहि पातळ असा थर क्षणार्धांत वायुरूप होऊन उडून जातो. आंतलें प्लास्टिक थंडच असतें, कारण प्लास्टिकमधून उष्णता फार सावकाश चालते. हा उडालेला वायु प्रज्योतींत मिसळतो, आणि मग तिचा पुढचा सर्व स्वभाव या पाहुण्या वायूवर अवलंबून राहतो.

आतां या वायूचा हिशेब पाहूं. हिशेब म्हटला कीं पुष्कळ विद्यार्थी पान उलटतात. त्यांनीं येथें थोडा धीर धरावा, कारण यांत चौथी-पांचवींतील गुणाकारापलीकडे कांहीं नाहीं. पॉलिथीन हें सर्वांच्या परिचयाचें प्लास्टिक. १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रासायनिक कारखान्यांत तें प्रथम हातीं आलें. त्याची सांखळी कार्बनचा एक अणु व हायड्रोजनचे दोन अणु अशा कड्यांची बनलेली असते. एक ग्रॅम पाण्याची उकळत्या बिंदूस वाफ करण्यास सुमारें २.२६ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम पॉलिथीनचे सर्व बंध तोडून त्याचे सुटे अणु करण्यास सुमारें ८४ किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ ३७ पट! इतक्या उष्णतेनें एक लिटर पाणी २० अंशांनीं तापेल. आणि त्या प्रत्येक अणूचा एक एक इलेक्ट्रॉन काढून घ्यावयाचा म्हटलें तर आणखी सुमारें २६५ किलोज्यूल मोजावे लागतात. एक चिमूटभर प्लास्टिक एवढी उष्णता गिळूं शकतें, हें आम्हांस प्रथम वाचतांना खरें वाटलें नाहीं. पण बंधांचीं कोष्टकें घेऊन बेरीज केली कीं आंकडा तोच येतो.

आकारमानाचीहि गोष्ट अशीच आहे. एक ग्रॅम पॉलिथीन सुमारें एक घनसेंटिमीटर जागा व्यापतें. त्याचे सुटे अणु होऊन ते १०,००० केल्व्हिनला व एका वातावरणाच्या दाबास आले तर त्यांस सुमारें १७५ लिटर जागा लागेल. डबींत ग्रॅम कोठचा, मिलिग्रॅमांचीच गोष्ट. परंतु डबीहि मुठींत मावेल एवढीच! म्हणून दाब एकदम वाढतो, आणि वायु ज्या बाजूस वाट मिळेल त्या बाजूस प्रज्योतीस ढकलीत नेतो. चांगला रचनाकार ही वाट आधींच आंखून ठेवितो.

उष्णता देत गेलें असतां तपमान सारख्या चालीनें वाढत जातें, असा आपला समज असतो. पण उकळत्या पाण्याचें उदाहरण सर्वांस माहीत आहे: खालीं विस्तव धडाडत असला तरी पाणी शंभर अंशांवरच अडून बसतें, कारण सर्व उष्णता वाफ करण्यांत खर्च होते. प्लाझ्मांतहि असेच अडथळे आहेत. मात्र ते पायरीसारखे सरळ नसून टेंकडीसारखे उतरते असतात. हायड्रोजनचे रेणु ३,५०० ते ४,००० केल्व्हिनच्या सुमारास तुटूं लागतात. तेथें त्याची विशिष्ट उष्णता एकदम उंच चढते, आणि रेणु तुटून संपले कीं पुन्हां खालीं येते. पुढें १५,००० केल्व्हिनच्या आसपास, इलेक्ट्रॉन निसटण्याच्या वेळीं, दुसरी टेंकडी लागते. दाब वाढविला तर या टेंकड्या अधिक तपमानाकडे सरकतात, कारण दाबाखालीं तुटलेले तुकडे पुन्हां जुळून येणें सोपें होतें. आलेखाच्या कागदावर ही रेषा काढून पाहिली म्हणजे डोंगराच्या रांगेसारखी दिसते, आणि प्रत्येक शिखर कोणत्या बंधाचें हें ओळखतां येतें.

कोणत्या तपमानास किती अणूंनीं इलेक्ट्रॉन सोडले असतील, हें सांगण्याची किल्ली एका भारतीयानें दिली आहे. मेघनाद साहा यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजीं ढाका जिल्ह्यांतील शेवडातली नांवाच्या खेड्यांत एका गरीब दुकानदाराच्या घरीं झाला. गांवांत पुढील शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या गांवच्या एका वैद्यानें त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें. १९०५ सालीं, बंगालच्या फाळणीच्या क्षोभांत, गव्हर्नरांच्या भेटीच्या वेळच्या निषेधावरून त्यांची शिष्यवृत्ति गेली व शाळाहि सोडावी लागली. असा हा मुलगा वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, १९२० सालीं, सूर्याच्या वर्णावरणांतील अणूंच्या आयनीभवनावर निबंध प्रसिद्ध करितो, आणि ताऱ्यांच्या प्रकाशाचा अर्थ लावण्याची पद्धतच बदलून टाकितो! त्यांनीं काय केलें, तर रसायनशास्त्रज्ञ जो नियम मीठ-आम्लांच्या समतोलास लावीत, तोच अणु, आयन व इलेक्ट्रॉन यांच्या समतोलास लाविला. तपमान, दाब आणि इलेक्ट्रॉन काढण्यास लागणारी शक्ति, या तीन गोष्टी दिल्या कीं उत्तर हातीं येतें.

त्या समीकरणानें एका वातावरणाच्या दाबाखालील हायड्रोजनचा हिशेब आम्हीं केला. ७,००० केल्व्हिनला दहा हजारांत अवघे पांच अणु इलेक्ट्रॉन गमावून बसतात. १०,००० ला शंभरांत दोन. १५,००० ला शंभरांत चव्वेचाळीस. २०,००० ला शंभरांत त्र्याण्णव. म्हणजे दहा हजारांच्या खालीं जो वायु जवळजवळ रोधक आहे, तोच दुप्पट तपमानास संपूर्ण वाहक होतो. वाहक आणि रोधक यांच्यामध्यें भिंत नसून चढण आहे, हें याहून स्पष्ट कसें सांगावें? आणि ज्या समीकरणानें लक्षावधि कोस दूर असलेल्या ताऱ्याचें तपमान कळतें, त्याच समीकरणावर आमच्या ओसरीवरील खटक्याची रचना आधारलेली आहे. विज्ञानाचे विषय आपण पुस्तकांत वेगवेगळे बांधले आहेत. निसर्गानें तसें केलेलें नाहीं.

याच समीकरणांत तांब्याची वाफ घालून पाहिली तर दुसरा बोध होतो. हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तांब्यास ७.७ च पुरतात. त्यामुळें ७,००० केल्व्हिनला जेथें हायड्रोजनचे दहा हजारांत पांच अणु फुटले होते, तेथें तांब्याच्या वाफेचे शंभरांत पांच-सहा फुटतात. म्हणजे शंभर पटींहूनहि अधिक. प्रज्योत विझावी असें वाटत असेल तर तिच्यांत धातूची वाफ कमी आणि हायड्रोजन अधिक असावा, हें यावरून उघड आहे. हायड्रोजनचा आणखी एक मोठा गुण असा कीं, तो गाभ्यांतील उष्णता झपाट्यानें बाहेर नेतो. त्याचे रेणु गाभ्याजवळ उष्णता घेऊन तुटतात, हलके अणु त्वरेनें कांठाकडे धांवतात, तेथें पुन्हां जुळतात आणि घेतलेली उष्णता तेथें टाकून देतात. हमालांची रांग जशी डोक्यावरचें पोतें एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास पोंचविते, तशी ही वाहतूक आहे. म्हणून भिंतीच्या प्लास्टिकमधून हायड्रोजन सुटणें हें कांहीं मर्यादेपर्यंत इष्टच आहे. खाऊन टाकणारें कुंपण योग्य लांकडाचें निवडलें तर तें चोरास पकडूनहि देतें!

येथें प्लास्टिकांची जातवारी पाहणें मनोरंजक आहे. पॉलिथीनमध्यें हायड्रोजन विपुल, पण कार्बनास सोबती नाहीं. तपमान उतरूं लागलें कीं हा कार्बन काजळी होऊन भिंतीवर बसतो. आणि काजळी वीज वाहते. प्रज्योत विझली, पण विझतांना दोन टोंकांमध्यें काळी पायवाट काढून गेली, तर पुढच्या वेळीं वीज त्याच वाटेनें येणार. ॲसिटाल नांवाचें एक प्लास्टिक आहे, त्याच्या प्रत्येक कड्यांत एक कार्बन, दोन हायड्रोजन व एक ऑक्सिजन असतो. थंड होतांना त्यांतील कार्बन व ऑक्सिजन एकमेकांस घट्ट धरून कार्बन मोनॉक्साइड होतात, हायड्रोजन आपल्या वाटेनें जातो, आणि काजळीस कार्बनच उरत नाहीं. किती नीटस हिशेब! परंतु हेंच ॲसिटाल काडी लागली कीं सहज पेट घेतें, म्हणून तें जेथें तेथें वापरतां येत नाहीं. टेफ्लॉनची तऱ्हा आणखी निराळी. रॉय प्लंकेट यांस तें १९३८ सालीं अनपेक्षितपणें सांपडलें. त्यांत हायड्रोजन नाहींच, त्याच्या जागीं फ्लोरिन आहे. फ्लोरिन आपला इलेक्ट्रॉन सहसा सोडीत नाहीं, आणि वायु थंड होऊं लागला कीं दुसऱ्याचे भटके इलेक्ट्रॉनहि पकडून ठेवितो. विजेच्या मोठ्या केंद्रांतील खटक्यांमध्यें प्रज्योतीवर वायूचा झोत सोडणाऱ्या नळ्या टेफ्लॉनच्या असतात, त्या याच कारणासाठीं.

आणि आपलें जुनें बेकेलाइट? लिओ बेकलंड यांच्या १९०७ सालच्या शोधानें घरोघर काळीं बटणें व होल्डर आले. बेकेलाइट वितळत नाहीं हा त्याचा मोठेपणा. परंतु त्यांत कार्बनाचीं वलयें दाट असल्यामुळें तें जळालें कीं कोळसा मागें ठेवितें, आणि वर सांगितलेली काळी पायवाट त्यावर चटकन् उमटते. युरिया-फॉर्माल्डिहाइडचीं पांढरीं बटणें या बाबतींत सरस, कारण त्यांत नायट्रोजन अधिक व कोळसा होणारा भाग कमी. तारांवरचें पी. व्ही. सी. हें वजनानें निम्म्याहून अधिक क्लोरिन आहे. तें सहजासहजीं पेटत नाहीं, पण जळूं लागलें कीं हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतें, जिनें डोळे व घसा पोळतो. वडीलधारी माणसें अजूनहि चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजची थोरवी गातात. त्यांचें निम्में खरें आहे: चिनी मातीचा कोळसा होत नाहीं. उरलेल्या निम्म्याविषयीं पुढें लिहितों.

शास्त्रज्ञ या सर्वांचीं कोष्टकें कशीं तयार करितात, हें थोडक्यांत सांगतों. पॉलिथीनसारख्या साध्या पदार्थाच्या वाफेंतहि हायड्रोजनचे रेणु, मिथेन, ॲसिटिलीन, दोन-तीन अणूंचे कार्बनाचे पुंजके, सुटे अणु, आयन, इलेक्ट्रॉन अशी बरीच मंडळी असते. त्यांत हवा व तांबें मिसळलें कीं जत्राच भरते. यांपैकीं कोण किती, हें ठरविण्यास अमेरिकेचे विलार्ड गिब्ज यांनीं १८७० च्या पुढील दशकांत मांडलेलें तत्त्व उपयोगी पडतें: दिलेल्या तपमानास व दाबास एका विशिष्ट ऊर्जेचा आंकडा जेणेंकरून लहानांत लहान होईल, तीच वांटणी खरी. वांटणी कळली कीं घनता, उष्णतेचा साठा, विशिष्ट उष्णता हीं क्रमानें मिळतात, आणि त्यांवरून उष्णता व वीज वाहण्याची शक्ति काढतां येते. हें सर्व एक गृहीत धरून चाललेलें असतें, तें असें कीं प्लाझ्मांतील सर्व घटकांचें तपमान एकच आहे व त्यांस समतोल साधण्यास पुरेसा वेळ मिळाला आहे. भर जोमांतल्या प्रज्योतीस हें बरेंच लागू पडतें. विझण्याच्या क्षणीं मात्र हलके इलेक्ट्रॉन ऊन राहतात, जड अणु थंड होतात, आणि रेणु जुळण्यास सवड मिळत नाहीं. अशा वेळीं कोष्टकाकडे आंधळेपणानें पाहणारा फसतो. चांगलें कोष्टक आपली मर्यादा सांगतें, आणि आमच्या मतें हाच त्याचा मोठा गुण.

हीच विद्या अंतराळांतहि गेली आहे. ३० नोव्हेंबर १९६४ रोजीं सोव्हिएट रशियानें मंगळाकडे झोंड-२ हें यान सोडलें. त्यावर यानाचें तोंड योग्य दिशेस ठेवण्यासाठीं सहा लहान प्लाझ्मा-यंत्रें होतीं, आणि त्यांचें इंधन म्हणजे टेफ्लॉनची कांडी! एक स्प्रिंग ती कांडी पुढें ढकलते. दोन पट्ट्यांमध्यें क्षणिक ठिणगी पडते. टेफ्लॉनचे कांहीं मायक्रोग्रॅम उडून प्लाझ्मा होतो आणि मागच्या बाजूस वेगानें फेंकला जातो. टांकी नाहीं, झडप नाहीं, गळण्याची भीति नाहीं. मंगळावर पोंचण्यापूर्वींच त्या यानाशीं संपर्क तुटला, पण कल्पना टिकली. अमेरिकेनें २००० सालीं सोडलेल्या एका पृथ्वी-निरीक्षक उपग्रहावरहि असें यंत्र होतें. यांतील दोष असा कीं, ठिणगी विझल्यावरहि तापलेल्या टेफ्लॉनमधून वाफ निघत राहते, आणि ती सावकाश निघत असल्यामुळें तिचा धक्का उपयोगी पडत नाहीं. दिलेल्या विजेचा सुमारें दहावा हिस्साच कामीं येतो. उष्णतेच्या हिशेबांत गळती कोठें आहे, हें शोधण्याचें काम अजून चालूच आहे.

आतां घरीं परत येऊं. आमच्या पाहण्यांतील एका घरीं फ्यूज वारंवार जात असे. तेथील कर्त्या पुरुषानें कंटाळून त्यांत नेहमींच्या बारीक तारेऐवजीं जाड तांब्याच्या तारेचा वेढा घातला. फ्यूज जाणें थांबलें, सर्वांस आनंद झाला. कांहीं दिवसांनीं भिंतीतून जळक्या रबरासारखा वास येऊं लागला. वेळेवर वास आला म्हणून बरें; पी. व्ही. सी. मऊ होऊन तारा आंतल्या आंत एकमेकींस चिकटण्याच्या बेतांत होत्या. किटकॅट फ्यूजविषयीं राहिलेलें निम्में तें हें: चिनी माती उत्तम, पण त्यांतील तार कोणीहि बदलूं शकतो, आणि घरांतील सर्वांत उतावळा माणूस बहुधा तीच बदलतो. एम्. सी. बी. घेतल्यानेंहि उतावळेपणा जात नाहीं. १६ अँपिअरचा खटका पडतो म्हणून ३२ चा बसविणारे सद्‌गृहस्थ कांहीं थोडे नाहींत. खटका हा पंख्याचें किंवा इस्त्रीचें रक्षण करण्यास नसून भिंतीतील तारेचें रक्षण करण्यास आहे. तार तीच ठेवून खटका मोठा केला तर पहारेकऱ्यास झोंपेची गोळी दिल्यासारखें होतें.

स्वस्त मालाविषयीं आमचें मत कित्येकांस कडक वाटेल. ते म्हणतात, "दोन्ही डब्या पांढऱ्या, दोन्ही चकचकीत, अधिक पैसे कशासाठीं मोजावे?" आमचें उत्तर असें कीं, दोन्ही सारख्या दिसतात हाच तर धोका. भाजी दाबून पाहतां येते, कापड चोळून पाहतां येतें. पण डबीची भिंत १५,००० केल्व्हिनच्या शेजारीं ठेविली असतां हायड्रोजन सोडील कीं काजळी, हें कोणाहि ग्राहकास दुकानांत उभें राहून कळणें शक्य नाहीं. आंत प्रज्योतीचे तुकडे करणाऱ्या लोखंडी पट्ट्या पुरेशा आहेत कीं दोन-चार कमी घातल्या आहेत, हेंहि बाहेरून दिसत नाहीं. जो गुण डोळ्यांस दिसत नाहीं, त्याची हमी दुसऱ्या कोणीं तरी परीक्षा घेऊनच द्यावी लागते. म्हणून मानक ब्यूरोची आय्. एस्. आय्. खूण पाहणें ही चैन नव्हे. त्याच डबीवर चौकटींत ६००० किंवा १०००० असा आंकडा छापलेला असतो. इतक्या अँपिअरचा लोट आला तरी ही डबी न फुटतां तो तोडील, असा त्याचा अर्थ. तो आंकडा आपल्या घरीं काय आहे, हें या अंकाच्या वाचकांपैकीं किती जणांस ठाऊक असेल? मुलांनीं तो वाचावा. डबी उघडूं मात्र नये.

गरिबांस ही खूण परवडत नाहीं, असाहि एक आक्षेप आहे, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्या घरांत एकाच खोलींत शेगडी, अंथरूण व अभ्यास असतो, तेथें प्रत्येक रुपयाला दहा वाटा असतात. परंतु तेथेंच एका प्लगवर तीन-चार यंत्रें लोंबतात, आणि तेथेंच पेटलें तर बाहेर पडण्यास दार एकच असतें. खर्च एकदम करणें शक्य नसेल तर आमची सूचना अशी कीं, शोभेच्या दिव्यांआधीं मुख्य खटका चांगला घ्यावा, जळून काळें पडलेलें बटण घासून पुन्हां वापरूं नये, आणि एक्स्टेन्शन बोर्डास दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडूं नये. यांपैकीं शेवटच्या दोहोंस कांहींच खर्च येत नाहीं, किंवा फार थोडा येतो.

शाळेविषयींहि एक शब्द. प्लाझ्मा ही पदार्थाची चौथी अवस्था, एवढें एक वाक्य पाठ करून घेऊन आपण पुढें जातों. मुलगा तें लिहितो आणि विसरतो. त्याऐवजीं नववी-दहावीच्या वर्गास साहा यांच्या समीकरणांतून निघालेले चार आंकडे द्यावे आणि आलेख काढावयास सांगावें. समीकरणाची सिद्धता पुढें महाविद्यालयांत होईल. पॉलिथीनच्या बंधांची बेरीज तर रसायनाच्या तासास सहज करतां येईल. रुक्ष कोष्टकांस मुलें कंटाळतात, असें म्हणण्याचा प्रघात आहे. आमचा अनुभव असा नाहीं. कोष्टकाचा घराशीं संबंध न दाखविणाऱ्या शिकविण्यास तीं कंटाळतात.

वायरमनकडे निकामी झालेले, काढून टाकलेले खटके पडून असतात. त्यांतील एखादा मागून आणून शिक्षकांनीं प्रयोगशाळेंत करवतीनें उभा चिरावा. धातूचीं टोंकें खरवडल्यासारखीं दिसतील. लोखंडी पट्ट्यांच्या कडांवर वितळलेल्या थेंबांचे मणी असतील. आणि प्रज्योत जेथून पळत गेली तेथें प्लास्टिकची भिंत इतर जागेहून खरखरीत लागेल. तो थर किती उडाला, हें मोजण्यापुरता स्क्रू-गेज प्रत्येक शाळेच्या कपाटांत असतो.